श्रीरंगपट्टणहून परतलेली माणसं

४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टणचा किल्ला पडला आणि टिपू सुलतान मारला गेला. त्या दिवसाच्या लढाईवर आणि नंतरच्या लुटीवर ढीगभर लिहिलं गेलं आहे. किल्ल्याच्या आसपासच्या वस्त्यांत तेव्हा आणखी काही हजार माणसं होती. मंगळूर-उडुपीच्या पट्ट्यातली ही कॅथलिक ख्रिस्ती माणसं, घरात कोकणी बोलणारी, बहुतेकांचे पूर्वज गोव्यातून खाली उतरलेले. पंधरा वर्षांपूर्वी त्यांना इथे आणून बळजबरीने मुसलमान करण्यात आलं होतं. टिपू गेल्यावर ती म्हणू लागली की आम्हाला आमच्या धर्मात परत घ्या.

मागणी साधी होती. पण ती ज्या धर्मग्रंथाच्या दारात उभी होती, त्या ग्रंथात अशा माणसांबद्दल दोन अगदी वेगळी बोलणी आहेत. एका बोलण्यात त्यांच्यासाठी दार कायमचं बंद आहे, दुसऱ्यात ते कधीच बंद होत नाही. देवाची दया आणि अनंतकाळची शिक्षा यांचा मेळ कसा घालायचा, हा ख्रिस्ती विचारातला सर्वांत जुना आणि सर्वांत छळणारा प्रश्न आहे. ग्रंथालयात बसून तो सोडवायला अनेकांनी आयुष्यं घालवली. म्हैसूरपासून पंधरा-सोळा किलोमीटरवरच्या श्रीरंगपट्टणच्या बेटावर तो हाडामासाच्या माणसांच्या रूपात समोर आला. शिवाय याच प्रश्नाची सर्वांत धारदार मांडणी पुढच्या शतकात एका मराठी ब्राह्मणाने केली. म्हणून हा विषय आपल्याला वाटतो तितका लांबचा नाही.

आधी १७८४ साली काय झालं ते. दुसऱ्या इंग्रज-म्हैसूर युद्धात मंगळूरच्या ख्रिस्ती लोकांनी इंग्रजांना मदत केली, असा टिपूचा संशय होता. राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, त्यांची धरपकड सुरू झाली. चर्चं पाडली गेली, जमिनी जप्त झाल्या, बायकापोरांसह सगळ्यांना घाट चढवून श्रीरंगपट्टणला नेण्यात आलं. किती जणांना नेलं यावर इतिहासकारांचं एकमत नाही. आकडे तीस हजारांपासून साठ हजारांपर्यंत जातात. वाटेत आणि नंतरच्या वर्षांत कितीतरी माणसं उपासमारीने, रोगाने गेली. पुरुषांची सुंता झाली, नावं बदलली, तरुणांना फौजेत घातलं. याच टिपूने १७९१ मध्ये मराठ्यांच्या बाजूच्या टोळ्यांनी लुटलेल्या शृंगेरी मठाला मदत पाठवली होती, हेही आपण मराठी माणसांनी विसरू नये. टिपूच्या स्वभावाचा निवाडा करण्याची ही जागा नाही. कैद्यांच्या वाट्याला जे आलं ते मात्र त्यामुळे हलकं होत नाही.

मंगळूरच्या ख्रिस्ती समाजात एक आठवण सांगितली जाते: या कैदेच्या काळात लोकांना फादर थॉमस स्टीफन्सच्या 'क्रिस्तपुराणा'चा आधार होता. १६१६ साली गोव्यात राशोलला छापलेला, दहा हजारांहून अधिक ओव्यांचा हा मराठी ग्रंथ पिढ्यानपिढ्या घराघरांतून म्हटला जात असे. पाद्री नाही, चर्च नाही, मिस्सा नाही, अशा वेळी पाठ असलेली ओवी कुणी काढून घेऊ शकत नाही. म्हैसूरच्या मुलखात मराठी ओवीने अशी सोबत केली असेल, तर आपल्या भाषेच्या इतिहासातली ती फार मोठी गोष्ट आहे.

आता ग्रंथातली ती दोन बोलणी बघू, आधी दार बंद करणारं. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात येशू स्पष्ट सांगतो की जो मला लोकांसमोर नाकारील त्याला मीही माझ्या पित्यासमोर नाकारीन. इब्री लोकांस पत्राच्या सहाव्या अध्यायात तर असं आहे की ज्यांना प्रकाश मिळाला आणि जे नंतर ढळले, त्यांना पुन्हा पश्चात्तापाकडे आणणं शक्य नाही. ही वाक्यं समोर ठेवली तर श्रीरंगपट्टणच्या माणसांचा निकाल तिथेच लागतो.

पण ज्या येशूने नाकारण्याबद्दल हा इशारा दिला, त्याच्याच सर्वांत जवळच्या शिष्याने, पेत्राने, अटकेच्या रात्री त्याला तीनदा नाकारलं. शेकोटीपाशी एका दासीने ओळखलं म्हणून! तलवार नव्हती, सुंता नव्हती, घाटातली पायपीट नव्हती. पेत्राला शिक्षा काय झाली? योहानाच्या शेवटच्या अध्यायात पुनरुत्थित येशू त्याला सरोवराच्या काठी न्याहारी देतो, माझ्यावर प्रेम करतोस का असं तीनदा विचारतो, आणि आपली मेंढरं त्याच्या हवाली करतो. तीनदा नाकारणाऱ्याला तीनदा संधी. तिमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात तर दोन्ही बोलणी लागोपाठच्या ओळींत आहेत. आपण त्याला नाकारलं तर तो आपल्याला नाकारील, असं म्हणून लेखक लगेच म्हणतो की आपण अविश्वासू झालो तरी तो विश्वासूच राहतो, कारण स्वतःचा स्वभाव त्याला सोडता येत नाही. या दोन ओळींच्या मधली जागा लेखकाने मोकळी ठेवली आहे. समजूत घालणारं तिसरं वाक्य तिथे नाही.

चर्चच्या इतिहासात हा पेच श्रीरंगपट्टणच्या साडेपंधराशे वर्षं आधी येऊन गेला होता. इसवी सन २५० मध्ये रोमन सम्राट डेशियसने फर्मान काढलं की प्रत्येकाने देवतांना बळी अर्पण करावा आणि तसा दाखला घ्यावा. असे दाखले इजिप्तच्या वाळूत सापडले आहेत. पपायरसच्या तुकड्यावर नाव, गाव, बळी दिल्याची कबुली आणि साक्षीदार अधिकाऱ्यांच्या सह्या. कित्येक ख्रिस्ती लोकांनी भीतीने बळी दिला, काहींनी लाच देऊन नुसताच दाखला मिळवला. छळ थांबला तेव्हा हे सगळे चर्चच्या दारात आले. रोममध्ये नोव्हेशियन नावाचा विद्वान म्हणाला की यांना क्षमा करण्याचा अधिकार चर्चला नाही, देव काय करायचं ते करील. कार्थेजचा बिशप सिप्रियन आणि त्याच्या बाजूच्या बिशपांनी २५१ मध्ये ठरवलं की प्रायश्चित्त घ्यावं लागेल, पण दार उघडं राहील. चर्चने सिप्रियनचा रस्ता धरला, नोव्हेशियनचा पंथ वेगळा पडला. स्वतः सिप्रियनने पुढच्या छळात, २५८ साली, धर्मासाठी जीव दिला. जो स्वतः मरायला तयार होता त्यानेच घाबरलेल्यांना परत घेतलं, ही मला त्या सगळ्या वादातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

श्रीरंगपट्टणला हे काम ज्याच्या वाट्याला आलं तो आबे दुबुआ हा फ्रेंच धर्मगुरू. पॅरिसच्या परदेशी मिशन संस्थेतर्फे तो १७९२ मध्ये, फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत, भारतात आला आणि १८२३ पर्यंत इथेच राहिला. त्याने इथला पोशाख घातला, मांसाहार सोडला आणि लोकांच्या चालीरीतींच्या नोंदी ठेवल्या. हिंदू आचारविचारांवरचं त्याचं हस्तलिखित ईस्ट इंडिया कंपनीने विकत घेतलं आणि पुढे ते पुस्तक जगभर गाजलं. त्यातला बराचसा मजकूर आधीच्या एका जेझुइट पाद्रीच्या हस्तलिखितावर आधारलेला आहे, हे नंतरच्या संशोधकांनी दाखवून दिलं. देवीची लस म्हैसूरच्या मुलखात पोचवण्यातही त्याचा हात होता. टिपूच्या पाडावानंतर त्याला श्रीरंगपट्टणला बोलावण्यात आलं.

दुबुआने या माणसांबद्दल १८२३ साली लंडनमध्ये छापलेल्या आपल्या पत्रांत लिहिलं आहे, आणि ते वाचून मन विषण्ण होतं. इतक्या हजारांतल्या एकानेही हुतात्मा होण्याचं धैर्य दाखवलं नाही, सगळ्यांनी मुकाट्याने सुंता करून घेतली, याची त्याला लाज वाटते. पुन्हा अशी वेळ आली तर हे लोक पुन्हा असंच करतील, अशी भीतीही तो व्यक्त करतो. वरून आमचा धर्म सुटला, आतून आम्ही ख्रिस्ताचेच राहिलो, हे त्यांचं म्हणणं त्याने नोंदवलं आहे. आणि त्याच ठिकाणी तो सांगतो की यांतले सुमारे दोन हजार लोक माझ्याकडे आले, आणि वीस हजारांच्या आसपास मंगळूरकडे परतले, तिथे त्यांनी आपली चर्चं पुन्हा बांधली.

दुबुआची लेखणी एक म्हणत होती आणि हात दुसरं करत होते. लेखणी नोव्हेशियनची, हात सिप्रियनचे. ज्याला ही माणसं भित्री वाटत होती, त्यानेच त्यांना आत घेतलं. मनातला राग जाईपर्यंत तो थांबला असता तर त्यातली अर्धी माणसं तशीच मेली असती. दया करणाऱ्याचं मन दयाळू असायलाच हवं असं नाही, हे मला दुबुआकडे पाहून पटलं. ख्रिस्ती शास्त्रात क्षमा हा संस्कार आहे, धर्मगुरूच्या मर्जीचा भाग नाही, याचा खरा उपयोग अशा वेळी होतो.

आता प्रश्नाचा मोठा आवाका. नाकारणाऱ्यांपुरताच तो नाही. नव्या करारात अग्नीचा, दात खाण्याचा, बाहेरच्या अंधाराचा उल्लेख पुन्हा पुन्हा येतो, आणि त्यातला बराचसा खुद्द येशूच्या तोंडी आहे. मार्कच्या नवव्या अध्यायात न विझणारा अग्नी आहे. लूकच्या सोळाव्या अध्यायात दारातल्या लाजरस नावाच्या भिकाऱ्याकडे ढुंकूनही न पाहणारा श्रीमंत माणूस मेल्यावर ज्वाळेत तळमळतो, बोटाच्या टोकाएवढं पाणी मागतो, आणि त्याला सांगण्यात येतं की मध्ये मोठी दरी आहे, इकडून तिकडे जाता येत नाही. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात शेवटच्या न्यायाचं वर्णन आहे. मेंढपाळ मेंढरं आणि शेरडं वेगळी करतो तशी माणसं वेगळी केली जातात, एका बाजूला सार्वकालिक जीवन, दुसऱ्या बाजूला सार्वकालिक शिक्षा. प्रकटीकरणाच्या विसाव्या अध्यायात अग्नीचं सरोवर आहे.

आणि त्याच ग्रंथात पौल रोमकरांना लिहितो की देवाने सगळ्यांना आज्ञाभंगात कोंडलं ते सगळ्यांवर दया करण्यासाठी. करिंथकरांना लिहितो की आदामात जसे सगळे मरतात तसे ख्रिस्तात सगळे जिवंत केले जातील. तिमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात सगळ्यांचं तारण व्हावं ही देवाची इच्छा सांगितली आहे. जुन्या करारात यहेज्केल सांगतो की दुष्टाच्या मरणात देवाला आनंद नाही. योनाच्या गोष्टीत तर संदेष्टाच रुसून बसतो, कारण नीनवे शहराला शिक्षा होणार असं त्याने जाहीर केलं आणि देवाने शहराला माफ करून टाकलं! देव विचारतो की उजवा-डावा हात न कळणाऱ्या एक लाख वीस हजारांवर माणसांची आणि त्यांच्या गुराढोरांची मी कीव करू नये का. पुस्तक त्या प्रश्नावरच संपतं, योनाचं उत्तर आपल्याला मिळत नाही.

पहिल्या काही शतकांतल्या विचारवंतांनी या दोन्हींत मेळ घालायचा प्रयत्न केला. अलेक्झांड्रियाचा ऑरिजेन म्हणे की शिक्षा ही वैद्याच्या औषधासारखी आहे, तिचा शेवट बरं होण्यात आहे, शेवटी सगळी सृष्टी देवाकडे परतेल. निस्साचा ग्रेगरीही त्याच वाटेने गेला. उलट उत्तर आफ्रिकेतल्या ऑगस्टीनने आपल्या 'देवाचं नगर' या ग्रंथाच्या एकविसाव्या भागात अशा कनवाळू लोकांना एकेक करून खोडून काढलं. त्याचा मुद्दा असा की एकाच वाक्यात जीवनही सार्वकालिक आणि शिक्षाही सार्वकालिक म्हटली असेल, तर एक कायमचं आणि दुसरं तात्पुरतं असं कसं म्हणता येईल? पश्चिमेच्या चर्चवर ऑगस्टीनची छाप बसली. सहाव्या शतकात ऑरिजेनची मतं निषिद्ध ठरली. पुढे थॉमस अक्वायनसने ऑगस्टीनच्या मताला तात्त्विक चौकट दिली: अपराध किती वेळ चालला यापेक्षा तो कुणाविरुद्ध केला याला महत्त्व आहे, आणि अनंत देवाविरुद्धचा अपराध अनंत शिक्षेला पात्र ठरतो.

हा युक्तिवाद भारतात आला तेव्हा त्याची गाठ बनारसमध्ये एका कोकणस्थ पंडिताशी पडली. नीळकंठशास्त्री गोरे, जन्म १८२५, झाशीजवळचा. कुटुंब पुढे काशीत स्थायिक झालं. १८३९ मध्ये जॉन म्यूर या स्कॉटिश अधिकाऱ्याने संस्कृतात 'मतपरीक्षा' लिहून ख्रिस्ती धर्माचा पुरस्कार केला होता. त्याला पहिलं उत्तर सोमनाथ या नावाने आलं, ते सीहोरच्या सुबाजी बापू या मराठी ज्योतिषशास्त्रज्ञाचं असावं असं अभ्यासक मानतात. गोऱ्यांनी विशीत 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' लिहून आपलं उत्तर दिलं, आणि ते नेमकं या दुखऱ्या जागेवर बोट ठेवतं.

गोऱ्यांच्या म्हणण्याचा गाभा असा. प्रत्येक जीव देवाने नव्याने घडवला, असं तुम्ही म्हणता. मग एक जीव सुखात, एक दुःखात का जन्मतो? देवाला आधीच माहीत आहे की अमका जीव अग्नीत जाणार, मग तो त्याला घडवतोच का? चार दिवसांच्या आयुष्यातल्या पापाला न संपणारी शिक्षा, हे माप कुठलं? आणि ज्यांच्या कानावर हे नावच कधी पडलं नाही त्यांचं काय? त्यापेक्षा आमचा कर्मसिद्धान्त अधिक न्यायी आहे. गरुडपुराणातले नरक ऐकून अंगावर काटा येतो, पण तिथला भोग संपतो, जीव सुटतो, त्याला पुन्हा संधी मिळते.

इथे एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. आपल्या परंपरेतही कायमच्या अंधाराची कल्पना अगदीच नाही असं नाही. उडुपीच्या मध्वाचार्यांच्या द्वैतमतात काही जीव स्वभावतःच तमाला योग्य मानले आहेत, त्यांना सुटका नाही. योगायोग असा की श्रीरंगपट्टणला नेलेली माणसं त्याच किनाऱ्यावरची होती. वेदान्ताच्या इतर शाखांनी हे मत स्वीकारलं नाही, आणि गोऱ्यांची मांडणी बहुसंख्य हिंदू विचाराला धरून होती.

गोऱ्यांच्या आयुष्याने नंतर जे वळण घेतलं त्याने हा वाद पुस्तकी राहिला नाही. मिशनऱ्यांना हरवायला म्हणून त्यांनी बायबल वाचायला घेतलं आणि डोंगरावरच्या प्रवचनाने त्यांना धरून ठेवलं. १८४८ मध्ये जौनपूरला त्यांनी बाप्तिस्मा घेतला, नेहेम्या हे नाव धारण केलं. पुढे ते धर्मगुरू झाले, पुण्यामुंबईत वावरले, १८९५ मध्ये मुंबईत वारले. पण अनंतकाळच्या शिक्षेचा काटा त्यांच्या मनातून सहजी निघाला नाही. ख्रिस्ती झाल्यावर त्यांनीच या सिद्धान्तावरच्या आक्षेपांना उत्तर देणारी पुस्तिका इंग्रजीत लिहिली. तरुणपणी स्वतः घेतलेल्या आक्षेपांना प्रौढपणी स्वतःच उत्तरं देणारा असा दुसरा मराठी लेखक मला माहीत नाही. त्यांची उत्तरं प्रामाणिक आहेत. तरी माझा कौल त्यांच्या विशीतल्या प्रश्नांना आहे, ते आजही तितकेच ताजे आहेत.

ते एकटे नव्हते. गोरे १८५४ मध्ये महाराजा दुलीपसिंगांबरोबर इंग्लंडला गेले, त्याच्या आदल्याच वर्षी लंडनच्या किंग्ज कॉलेजने एफ. डी. मॉरिस या प्राध्यापकाला काढून टाकलं होतं. अनंतकाळची शिक्षा म्हणजे न संपणारा काळ असं मानायला त्याने नकार दिला, हा त्याचा गुन्हा. १८७७ मध्ये फ्रेडरिक फरार याने वेस्टमिन्स्टर ॲबीत प्रवचनं देऊन म्हटलं की मरणानंतरही आशेला जागा आहे, आणि इंग्लंडभर वादळ उठलं. हा फरार १८३१ साली आपल्या मुंबईत जन्मलेला!

गोऱ्यांच्या पत्रांनी आणि बोलण्याने ज्यांच्या विचारांवर परिणाम केला त्यांत पंडिता रमाबाई होत्या. रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी तरुणपणी काही वर्षं म्हैसूरच्या राजाश्रयाला काढली होती, रमाबाईंचा जन्मही कर्नाटकातल्या गंगामूळच्या रानात झाला. त्यांना ख्रिस्ताकडे ओढून नेलं ते नरकाच्या भीतीने नाही. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये असताना त्यांनी लंडनच्या फुलहॅम भागात पतित म्हटल्या जाणाऱ्या स्त्रियांना सांभाळणारं एक घर पाहिलं. या बायकांची एवढी काळजी का घेता, असं त्यांनी तिथल्या सिस्टरला विचारलं. सिस्टरने त्यांना योहानाच्या चौथ्या अध्यायातली विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली. पाच नवरे झालेली, आता सहाव्याबरोबर राहणारी, भर दुपारी एकटी पाणी भरायला आलेली बाई, आणि तिच्याकडे पाणी मागून तिच्याशी सबंध संभाषण करणारा येशू. रमाबाईंनी आपल्या निवेदनात हा प्रसंग निर्णायक म्हणून सांगितला आहे. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी पुढे अशाच स्त्रियांसाठी कृपासदन उभं केलं.

मग शिक्षेच्या त्या वाक्यांचं करायचं काय? ती पुसून टाकता येत नाहीत. माझं मत असं आहे की ती कुणापुढे बोलली गेली ते आधी बघावं. दरीची गोष्ट त्या श्रीमंतासाठी आहे ज्याच्या दारात माणूस उपाशी पडला होता. मेंढरं आणि शेरडं वेगळी होतात ती कुणी कुठला मंत्र म्हटला यावरून होत नाहीत, भुकेल्याला जेवण दिलं का, परक्याला घरात घेतलं का, तुरुंगातल्याला भेटायला गेलात का, यावरून होतात. शिक्षेची भाषा बहुतेक वेळा ताकदवान, निर्धास्त, दुसऱ्याला पायरीवर बसवणाऱ्या माणसाला उद्देशून येते. जो स्वतःच मोडून पडला आहे, त्याच्याशी येशू तसं बोलल्याचं क्वचितच आढळतं. क्रुसावर शेजारी टांगलेल्या गुन्हेगाराला तो त्याच दिवशी सुखलोकाचं वचन देतो. श्रीरंगपट्टणच्या कैद्यांवर पहिल्या प्रकारची वाक्यं लावणं म्हणजे औषधाची बाटली चुकीच्या रोग्याच्या घशात ओतणं होय. गोऱ्यांच्या सगळ्या प्रश्नांना याने उत्तर मिळत नाही, हे मला मान्य आहे. ज्या निर्धास्त माणसाला हा इशारा दिला त्याचं तरी कायमचं जळणं न्याय्य आहे का, हा प्रश्न उरतोच.

दुबुआला दयेची गोष्ट सांगतानाही अडचण आली होती. उधळ्या मुलाचा दृष्टान्त सगळ्यांना माहीत आहे: बापाची मालमत्ता उडवून परतलेला मुलगा, धावत जाऊन गळ्यात पडणारा बाप, आणि मेजवानीसाठी कापलेलं पुष्ट वासरू. दुबुआने ही गोष्ट आपल्या मंडळीला सांगितली तेव्हा ऐकणारे वासराच्या उल्लेखाने अस्वस्थ झाले. पुन्हा सांगाल तेव्हा वासराऐवजी कोकरू म्हणा, असं त्यांनी सुचवलं. एवढ्या मोठ्या क्षमेच्या गोष्टीत लोकांच्या कानाला खटकलं ते वासरू! बायबलची भाषांतरं या देशात उपयोगी पडणार नाहीत, असं मत दुबुआने मांडलं, त्यासाठी त्याने अशा अनुभवांचा दाखला दिला. मला त्या मंडळीची सूचना शहाणपणाची वाटते. परतलेल्या मुलाला बाप मिळाला पाहिजे, ताटात काय होतं यावर अडायचं कशाला?

कॅथलिक चर्चची आजची शिकवण काय आहे, हेही सांगायला हवं. नरक आहे आणि तो कायमचा आहे, ही शिकवण चर्चने सोडलेली नाही. पण १९६४ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने स्पष्ट केलं की स्वतःच्या दोषाशिवाय ज्यांना ख्रिस्ताची ओळख झाली नाही आणि जे प्रामाणिकपणे सदसद्विवेकाला अनुसरून जगतात, त्यांचंही तारण होऊ शकतं. गोऱ्यांच्या एका प्रश्नाला हे उत्तर आहे, सव्वाशे वर्षांनी आलेलं. १९९२च्या अधिकृत धर्मशिक्षणग्रंथात म्हटलं आहे की देव कुणालाही नरकासाठी नेमून ठेवत नाही, माणूस जाणूनबुजून पाठ फिरवून शेवटपर्यंत तसाच राहिला तरच ते घडतं. आणखी एक गोष्ट फार कमी लोकांच्या लक्षात येते. चर्चने हजारो जणांना संत म्हणून जाहीर केलं आहे, पण अमुक माणूस नरकात आहे असं कुणाचंही नाव घेऊन आजवर कधीच जाहीर केलेलं नाही. येशूला धरून देणाऱ्या यहूदाचंसुद्धा नाही.

शेवटी पुन्हा म्हैसूरकडे येऊ. शहरातल्या सेंट फिलोमिना चर्चची पायाभरणी २८ ऑक्टोबर १९३३ रोजी नाल्वडी कृष्णराज वोडेयर महाराजांच्या हस्ते झाली. चामुंडेश्वरीच्या या उपासक राजाने त्या प्रसंगी सांगितलं की हे मंदिर दुहेरी पायावर उभं राहील, दैवी करुणेच्या आणि माणसांच्या उत्कट कृतज्ञतेच्या. धर्मशास्त्राचा एवढा मोठा वाद चालू असलेल्या धर्माच्या मंदिराबद्दल बोलताना त्याने नेमका करुणेचाच शब्द उचलला, याचं मला फार अप्रूप वाटतं.

मराठी पर्यटक दसऱ्याच्या सुमारास म्हैसूरला झुंडीने जातात, राजवाडा पाहतात, सेंट फिलोमिनाच्या उंच जुळ्या मनोऱ्यांखाली फोटो काढतात आणि श्रीरंगपट्टणला दर्या दौलत आणि टिपूचा गुंबज करून परततात. त्या गुंबजाच्या बाजूलाच गंजाम आहे आणि तिथे आबे दुबुआच्या नावाने ओळखलं जाणारं लहानसं चर्च आहे. पुढच्या वेळी जाल तेव्हा त्यासाठी अर्धा तास राखून ठेवा.